इमानाच्या दारातली कडी

दादा गेल्याचा फोन पुतण्याने मूर्तिजापूरहून केला, तेव्हा मी अमरावतीत गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि डोक्यावरून मुंबईचं विमान चाललं होतं. आता आमच्या गावालाही विमान आलंय. त्या आवाजात "आत्या, बाबा गेले" हे नीट ऐकू आलं नाही, म्हणून मी त्याला पुन्हा सांगायला लावलं… ते दुसऱ्यांदा ऐकणं फार जड गेलं.

दादा हवाईदलात फिटर होता. आमच्याकडे विमानाला इमान म्हणतात. त्यामुळे "पोरगा इमानात नोकरीले हाये" असं आई सांगायची, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटे, बाई लेकाच्या सचोटीचं कौतुक करतेय. तो सुटीवर आला की मला इमानात बसव म्हणून मी मागे लागायची. पोत्यासारखं कडीले बांधून नेतो, म्हणायचा. कारण त्याचं विमान म्हातारं, मालवाहू. ईशान्येकडच्या डोंगरांत, रस्ता नसलेल्या गावांवर ते तांदूळ टाकायचं. पोती विमानाच्या तळातल्या कड्यांना बांधलेली असत, गाव आलं की सोडून दारातून ढकलायची. आवाज ऐकून माणसं कशी धावत बाहेर येत, हे सांगताना तो इतका खुलायचा की तो भात आपणच जेवलो असं वाटे.

मग त्या डोंगरांत बंड पेटलं. नवं विमान कुठून आणणार? म्हाताऱ्यालाच जुंपायचं ठरलं. वैमानिकाच्या आसनाखाली पोलादी पत्रे आणि पोत्यांच्या दारात मशीनगन. बसवायचं काम दादाच्याच तुकडीकडे आलं. दारापाशीच्या कड्या त्याने तशाच ठेवल्या होत्या. उद्या पुन्हा पोती टाकावी लागतील, असं त्याने साहेबांना सांगून पाहिलं. साहेबांनी त्या काढायला लावल्या. भंगारात निघालेली एक दादाने मागून घेतली, आणि निवृत्तीनंतर मूर्तिजापूरच्या स्वयंपाकघरात, दाराशेजारच्या भिंतीत बसवली. तिला कुणी काही अडकवलेलं त्याला खपत नसे.

अमरावतीहून विमान सुरू झालं तेव्हा मी त्याला म्हटलं, आता तरी ने. त्याने भिंतीतल्या कडीवर बोट फिरवलं.

"कमे, इमान तेच, आवाज तोच. खालच्या लोकायले काय मालूम, दारात आता काय हाये? ते तांदूय झेलाले धावत आले असतीन तं…"

मशीनगन बसवल्यावर त्याची लगेच बदली झाली होती. पुढे काय घडलं ते त्याला कधीच कळलं नाही, आणि विमानात तो पुन्हा कधी बसला नाही. मीही नाही. मला मुंबईला जायचं नव्हतंच. मला दादाबरोबर जायचं होतं.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला आलेली माणसं पांगल्यावर स्वयंपाकघरात तांदळाची अर्धी गोणी उरली होती. मी तिचं तोंड सुतळीने बांधलं आणि ती कडीला अडकवली.

वहिनी बघत होत्या. "एवढं वजन पेलन का ते?"

"त्याच्याचसाठी हाये ते," मी म्हटलं.