बांबूच्या अलीकडची मेंढरं

आमच्या बाजाराच्या अध्यक्षांनी, अण्णासाहेबांनी, जतच्या बिराप्पा धनगराला फसवलं, आणि फसवताना नाव माझं वापरलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण अण्णासाहेबांचा विषय निघाला की आमच्याकडे आधी त्यांच्या समाजकार्याचं कौतुक सुरू होतं आणि चहा येईपर्यंत मूळ गोष्ट विरून जाते.

साथीच्या पहिल्या वर्षीचा तो मे महिना मला वासाने आठवतो. एरवी आठवडी बाजाराच्या सकाळी आमच्या माळावर लोकरीचा उग्र, तेलकट वास दाटलेला असतो. त्यात लेंड्या, कडबा, तापलेल्या तेलातली भजी आणि म्हसवडच्या देवाला जाऊन आलेल्यांच्या अंगावरचा गुलाल मिसळतो. ज्याला या वासाने मळमळतं त्याने मेंढराच्या धंद्यात पडू नये. मी या वासात वाढलो. बापाकडे जमीन नव्हती, म्हणून दुसऱ्यांची मेंढरं हाकत या बाजारात आलो आणि पुढे याच बाजारात व्यापारी म्हणून उभा राहिलो. त्या मे महिन्यात मात्र माळावर नुसती धूळ होती आणि वाळलेल्या बाभळीच्या शेंगा. वारा आला की त्या खुळखुळत.

आमच्या माणदेशापासून पूर्वेला जतपर्यंतचा मुलूख एकच आहे. ढग घाटमाथ्यावर रिकामे होतात आणि आमच्याकडे फक्त त्यांची सावली येते. ती सावली साताऱ्यावर किती पडते आणि सांगलीवर किती, याची मोजदाद आजवर कुणी केलेली नाही. तीच तांबूस माती, तीच हुलग्याची रानं, तेच टँकरकडे लागलेले डोळे. मेंढरं पिढ्यान् पिढ्या या वाटेने येतात. जिल्हा कुठे बदलतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही ते फक्त एस.टी.च्या पाटीवरून कळायचं. त्या वर्षी रस्त्यावर आडवा बांबू पडला, आणि तेव्हा कळलं की आपण दोन आहोत.

टाळेबंदी जरा सैल झाल्यावर वरून शहाणपण आलं, की खेड्यांचे बाजार सरसकट बंद ठेवायचे नाहीत, विभागवार उघडायचे. विचार वाईट नव्हता. जिथे आजार नाही त्या मुलखाला मुंबईच्या मापाने का जखडायचं? पण विभाग म्हणजे काय हे ठरवायला जे बसले, त्यांनी पाऊस पाहिला नाही, चारा पाहिला नाही, बाजाराला येणाऱ्या पायवाटा पाहिल्या नाहीत. त्यांनी नकाशा पाहिला. आणि नकाशावरची रेघ प्रत्यक्ष राबवायचं काम अण्णासाहेबांसारख्यांच्या हाती दिलं, ज्यांना रेघ म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंना उभं राहून खायची सोय वाटते.

बिराप्पा बांबूच्या पलीकडे अडकला होता. त्याचा कळप बाजारात पायांनीच येतो, ट्रकने नाही. फोन त्याच्याकडे नव्हता, निरोपावर त्याचा भरवसा नव्हता, समोर माणूस लागे. मी गेलो. नाक्यावरचा पोलीस सावलीला बसला होता. बांबूच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला घोंगडी पांघरलेला बिराप्पा, आणि त्याच्यामागे उन्हात माना खाली घालून, एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी राहिलेली मेंढरं. चारा संपत आला होता. पाऊस लागायच्या आत कळप विकला नाही, तर उरलेला उन्हाळाच कळपाला संपवणार होता.

आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणाऱ्याने खांद्यावरचा टॉवेल काढायचा, विकणाऱ्याने त्याखाली हात घालायचा, आणि बोटांनी बोलायचं. कोणतं बोट धरलं, कितपत दाबलं, कुठे सोडलं, यात सगळा सौदा होतो. वर चेहरे मख्ख, गप्पा पावसापाण्याच्या. शिकलेल्या लोकांना यात लबाडी दिसते. मला यात गरिबाची अब्रू दिसते. ज्याला आज विकणं भागच आहे त्याची नड चारचौघांत ओरडली जात नाही, आणि नकार दिला तरी कुणाचं तोंड पडत नाही. मी हुज्जत घालणारा माणूस आहे, बोटाचं पेरसुद्धा सहजी सोडत नाही. पण टॉवेलखाली धरलेला सौदा मी कधी मोडलेला नाही. माझ्याजवळ जे काही आहे ते त्या एका गोष्टीवर उभं आहे.

शिवायचं नाही असा तो काळ. तरीही मी बांबूवर टॉवेल टाकला. बिराप्पाने पोलिसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तात्या, मराचं हाय काय?"

"मरू की. आदी सौदा तर हू दे."

तो हसला आणि त्याने हात घातला. उन्हाने तापलेला, लोकरीच्या तेलाने मऊ झालेला तो हात मला अजून आठवतो. सौदा झाला. बाजार उघडला की कळप माझा.

परत येऊन मी अण्णासाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तात्या, बिनघोर ऱ्हावा. बाजार उघडला की पल्याडली मेंढरं बी येणार. तवर नाक्यावर जाऊ नका, उगं बोभाटा हुतोय." मी थांबलो. त्याच आठवड्यात त्यांचा पुतण्या नाक्यापलीकडे गेला आणि बिराप्पाला सांगून आला, की सांगलीची मेंढरं या बाजारात कधीच घेणार नाहीत, आणि तात्याने तर इकडचीच घेऊन टाकली, त्याची वाट बघू नकोस. चारा संपलेला माणूस किती दिवस वाट बघणार? त्याने पुतण्याला कळप दिला, पडेल त्या भावाने. मग ती मेंढरं ट्रकमध्ये चढली. ट्रकच्या काचेवर 'अत्यावश्यक सेवा' असं लिहिलेलं होतं, आणि त्यांच्यासाठी बांबू वर गेला.

बाजार उघडला त्या सकाळी माळावर लोकरीऐवजी फवारणीच्या औषधाचा वास होता. विकणाऱ्यांना उभं राहायला चुन्याची वर्तुळं आखली होती. माणसं वर्तुळात राहिली, मेंढरं चुना चाटत हिंडत होती. भोंग्यातून अण्णासाहेबांचा आवाज येत होता : हात लावू नका, भाव तोंडाने बोला, आपला बाजार आपल्या माणसांसाठी! तेवढ्यात पुतण्याचा कळप दिसला. पाठीवर ताज्या निळ्या रंगाचे पट्टे ओढलेले, आणि निळ्याखालून धुऊनही न गेलेला बिराप्पाचा खुणेचा गेरू डोकावत होता. मी एका मेंढीचं डोकं धरून डावा कान पाहिला. टोकाला बिराप्पा आपल्या प्रत्येक मेंढराला पाडतो ती खाच होती. रंग बदलता येतो, कान बदलता येत नाही. एवढी साधी चूक मेंढरं पाळणाऱ्याच्या हातून कधी झाली नसती. ती फक्त मेंढरं पळवणारा करतो.

"ही मेंढरं कुठली रं?"

"हितलीच की, तात्या. आमच्या मळ्यातली."

"मळ्यात ऊस लावतोस का मेंढरं पेरतोस?"

आजूबाजूचे हसले. अण्णासाहेब भोंगा खाली ठेवून जवळ आले, तोंडावरची पट्टी सारखी केली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तात्या, संकटाचा काळ हाय. आता राजकारण नगं." मी बोलू नये ते बोललो, ती मेंढरं कुणाची ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. लोकांनी ऐकलं आणि आपापल्या वर्तुळात उभे राहिले. पुढे बाजार यशस्वीरीत्या सुरू केल्याबद्दल अण्णासाहेबांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि भाषणात स्थानिक अर्थव्यवस्था हा शब्द इतक्या वेळा, की तो चघळून चोथा झाला.

बांबू केव्हाच निघाला. माळावर पुन्हा लोकर, भजी, गुलाल यांचा वास दाटतो. गेल्या बाजाराला बिराप्पा आला होता. नवा कळप, लहानच, पण कानांना तीच खाच. मी टॉवेल काढला आणि पुढे धरला. पुतण्याचा निरोप मला त्याच्याकडूनच कळला होता, तो खोटा होता हे मी त्याला केव्हाच सांगितलं होतं, आणि त्याने मान हलवून ऐकूनही घेतलं होतं. त्याने टॉवेलकडे पाहिलं. हात घोंगडीतच राहिले.

"भाव तोंडानं सांग, तात्या," तो म्हणाला. रागाने नाही, परक्या व्यापाऱ्याशी बोलतात तसं.

मी सांगितला. आजूबाजूच्या चार जणांनी तो ऐकला.

माझ्या हातात टॉवेल तसाच राहिला, आणि एवढी वर्षं त्याच्याखाली माझ्याजवळ काय होतं ते मला तिथे, भर उन्हात, कळलं. एक मुलूख दोन जिल्ह्यांत कापला गेला होता तो काही महिन्यांत जोडला गेला. बिराप्पात आणि माझ्यात जे तुटलं ते जोडलं जाईल का, मला माहीत नाही. पण उत्तर कुणी द्यायचं ते माहीत आहे. अण्णासाहेब, येत्या बाजाराला या. भोंगा घरी ठेवा, शाल घरी ठेवा, पुतण्याला सोबत आणा. बिराप्पासमोर उभे राहा, त्या मेंढरांचे कान कुणाचे होते ते सगळ्या माळाला ऐकू जाईल असं, तोंडाने सांगा. मी टॉवेल घेऊन तिथेच उभा असेन.