काटा फिरतो, गाणं तेच

गल्लीत त्याला सगळे डॉक्टर म्हणत. रेडिओचा डॉक्टर. दुकान कसलं, जिन्याखालची खोबण ती. पण आपल्या हातून गेलेला सेट परत येत नाही, हा त्याचा तोरा. दुसरं मिरवण्यासारखं त्या माणसापाशी होतं काय? तेवढं तरी मिरवू द्यावं.

म्हणूनच वरच्या खोलीतल्या थोरल्या बहिणीनं तोच सेट तिसऱ्यांदा परत दिला, तेव्हा ते त्याच्या जिव्हारी लागलं.

मधुमेहानं ताईचे डोळे गेले होते. दिवस तिला दिसत नसे, ऐकू यायचा. बटण डावीकडं टोकाला नेलं की सतार, म्हणजे सकाळ. थोडं पुढं बाजारभाव आणि पिकापाण्याच्या गप्पा. जन्मात कधी शेताच्या बांधावर पाय ठेवला नव्हता, पण भाव पडले की जेवताना हळहळायची. दुपारी नाटक, दिवेलागणीला मुलांची गोष्ट. चार स्टेशनं, आणि चारही जागा बोटांना पाठ.

आता म्हणे कुठंही फिरवा, तेच गाणं. काटा अडकलाय, डॉक्टरनं आतली दोरी नीट ओढली नाही, असं तिचं ठाम मत. त्यानं दोरी बदलली, बटण बदललं, आतली धूळ फुंकली, आणि दर वेळी खाली नेहमीसारखं जवळचं एकच स्टेशन लावून पाहिलं. आवाज स्वच्छ आला की झालं काम. हयातभर हीच पद्धत. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थानं कित्येक वर्षांत पूर्ण काटा फिरवून रेडिओ ऐकलाच नव्हता, आता बोला!

या खेपेला त्यानं फिरवला. पहिल्या स्टेशनावर एक गाणं. दुसऱ्यावर तेच, एक कडवं पुढं. तिसऱ्यावर गादीची जाहिरात आणि दोघांचं उगाचचं खिदळणं. चौथ्यावर तीच गादी, खिदळणारे वेगळे. काटा मात्र त्याच्या डोळ्यांदेखत शहाण्यासारखा सरकत होता. त्या दिवशी त्यानं दुसऱ्या कुठल्याच सेटला हात लावला नाही. दिवे लागेपर्यंत ऐकत बसला आणि त्याचं टाळकं सटकलं.

दुसऱ्या दिवशी तो थेट त्यातल्या एका स्टेशनच्या ऑफिसात गेला. मॅनेजर गोड बोलणारा. बसवलं, पाणी दिलं. लोकांना हेच आवडतं, म्हणाला, आम्ही पाहणी करतो ना.

"कुणाला विचारता?"

"आमच्या श्रोत्यांना."

"आणि ज्यांनी कंटाळून बंद केलं त्यांना?"

"काका, ते आमचे श्रोते नाहीत ना आता."

बाकीची तिन्ही स्टेशनं आमच्याकडं बघतात, आम्ही त्यांच्याकडं, हेही त्यानं हसत हसत सांगितलं. वेगळं वाजवायला जाईल त्याच्या जाहिराती पळतील. मग स्टेशनचं नाव छापलेली एक टोपी हातात देऊन डॉक्टरची बोळवण केली. मेल्यांना लाजही वाटत नाही. त्यानं ती टोपी कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकली आणि सेट घेऊन वर गेला.

ताई वाटच बघत होती. "जमलं का? नसेल तर सरळ सांग. वय झालं आता तुझं, हात चालत नसेल."

हो, नाही चालत हात, म्हणाला असता तर काय आकाश कोसळणार होतं? पण तोरा आडवा आला. त्यानं सेटची पुढची काच काढली, तिचं बोट धरून काट्यावर ठेवलं आणि बटण फिरवलं.

"बघ, सरकतोय ना? सेट ठणठणीत आहे. चारही ठिकाणी आता एकच वाजतं, ताई. तुझं सगळं त्यांनी बंद केलं."

काट्याबरोबर तिचं बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि परत आलं. गाणं तेच. तिनं हात मांडीवर ठेवला.

"म्हणजे हे दुरुस्त व्हायचं नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, आज ना उद्या तू करशील."

तो काच बसवत राहिला. एरवी क्षणात बसणारी काच बसेना.

त्यानंतर सेट लागला नाही. त्यावर फडकं टाकून ठेवलंय. येईल त्याला ताई सांगते की माझ्या भावाचा हात अजून तस्साच आहे, सेटमध्ये तसूभर खोट नाही. खाली जिन्याखाली हे सगळं त्याला ऐकू येतं. एवढं कौतुक तिनं त्याचं जन्मात केलं नव्हतं, आणि प्रत्येक शब्दाला तो मेल्याहून मेला होतो.

मग वरून हाक येते. "किती वाजले रे?"

तो वेळ सांगतो. थोड्या वेळानं ती पुन्हा विचारते.