मंगळवारचं अनोळखी जेवण

गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या नवऱ्याला चार दिवस ताप आला आणि पाचव्या दिवशी सकाळी त्याला वास येणं बंद झालं. त्या सकाळी दूध उतू जाऊन पातेल्याच्या तळाला जळालं. तो गॅसकडे पाठ करून ओट्याशी उभा होता, मोबाइल बघत. सासूबाई आतल्या खोलीतून आल्या, मी गच्चीवरून.

"इथे उभा आहेस ना रे?" सासूबाई म्हणाल्या.

"पाठ होती आई माझी."

"पाठीला नाक नसतं, पण तोंडाला आहे ना."

त्याने पातेल्यावर वाकून श्वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला. मग मसाल्याचा डबा उघडला.

तो इंदूरमध्ये सांवेर रोडवरच्या एका नमकीनच्या कारखान्यात काम करतो. पदाला धड नाव नाही. कारखान्यात त्याला मसालेवाले भिया म्हणतात. सकाळी पहिला घाणा पडण्याआधी तेल, बेसन आणि मसाला त्याच्या नाकाखालून जातो. त्याने मान हलवली की कढई चढते. तेल खवट व्हायला लागलं की जिभेच्या एक दिवस आधी नाकाला कळतं, असं तो सांगतो. चौदा वर्षं तो हेच करत आला आहे.

आठवडाभर त्याने कारखान्यात काही सांगितलं नाही. आठव्या दिवशी स्वतःहून सेठजींकडे गेला. सेठजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तब तक पैकिंग देखो. दशहरे तक रुकता हूँ. उसके बाद दिवाली का माल है, किसी और को बिठाना पड़ेगा." मसाल्याच्या खोलीत एकदा दुसरा माणूस बसला की तो उठत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं. अडथळा नव्हता. वास परत येईल बहुतेक, पण केव्हा ते सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. सकाळ-संध्याकाळ चार ठसठशीत वास घ्यायला सांगितले. सासूबाईंनी स्टीलच्या चार डब्या काढल्या. प्रत्येकीत कापूस, कापसात एकेक जिन्नस: लवंग, हिंग, ओवा, लिंबाची साल. झाकणांवर नावाच्या चिठ्ठ्या लावल्या.

जुलैच्या शेवटी तो म्हणायला लागला, "लवंग येतेय. बारीक, पण येतेय." सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

मी एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर आहे. सतरा वर्षं दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्या तपासते. एका सकाळी मी लवंगेची चिठ्ठी तशाच दिसणाऱ्या नव्या डबीवर लावली आणि आत नुसता कापूस ठेवला. त्याने डबी नाकाशी धरली.

"लवंग. कालच्यापेक्षा जास्त."

मी त्याला सांगितलं. तो डबी हातात धरून बसला.

"म्हणजे मी खोटं बोललो?"

"नाही. आत काय आहे ते तुला आधीच माहीत होतं."

अपघात पाहिलेल्या माणसाच्या भोवती गर्दी जमते, गर्दी बोलते आणि थोड्या वेळाने तो माणूस गर्दीने सांगितलेलं स्वतः पाहिलं असं समजायला लागतो. तो खोटारडा नसतो. बातमीसाठी मात्र त्याचा उपयोग नसतो. त्या गल्लीतून पहिल्यांदाच जाणारा माणूस बरा, त्याला तिथलं काही ठाऊक नसतं. हे मी त्याला सांगितलं. इंदूरमधलं सगळं खाणं त्याच्या ओळखीचं होतं. पोह्यांवर जिरावन मसाला पडला की त्याला त्याचा वास आठवायचा, आणि आठवला की तो आला असं वाटायचं.

"मग मला अशा गल्लीत ने, जिथे मी कधी गेलोच नाही," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात पुरवणीच्या पानासाठी विजय नगरमधल्या एका कोरियन खानावळीवरचा मजकूर माझ्याकडे आला होता. त्यात अकरा पदार्थांची नावं होती. त्यातलं एकही त्याने ऐकलेलं नव्हतं.

माझी सुट्टी मंगळवारी असते. मंगळवारी निम्मं इंदूर मांसाहार करत नाही, त्यामुळे अशा जागी टेबल सहज मिळतं. खानावळ पहिल्या मजल्यावर होती, आठ टेबलांची. चालवणारी बाई मिझोरममधल्या ऐजॉलची. स्वयंपाकही तीच करायची. चार वर्षं इंदूरमध्ये राहून तिची हिंदी पक्की इंदुरी झाली होती. आम्ही बसलो तशी ती म्हणाली, "बताओ भिया, कित्ता तीखा?"

"जित्ता है उत्ता," तो म्हणाला.

ठरलं असं होतं: मेन्यू मी वाचायचा, मागवायचं मी, त्याने स्वयंपाकघराकडे पाठ करून बसायचं. मी एकच प्रश्न विचारायचा, "काय आहे?" कुठल्याही जिन्नसाचं नाव मी घ्यायचं नाही. खाऊन झालं की काउंटरवर जाऊन त्या बाईला विचारायचं, आत काय होतं.

पहिल्या दिवशी टोकबोकी आली. तांदळाच्या पिठाच्या बोटभर लांब कांड्या, लाल घट्ट रश्शात.

"काय आहे?"

"दाताला परत ढकलतंय." त्याने दुसरी कांडी घेतली. "गोड आधी. तिखट मागून येतं, आरामात. घाई नाही त्याला."

"आणि वास?"

"हे विचारायचं नाही ठरलं होतं, पत्रकारजी."

वास नव्हता. पण त्याने प्लेट संपवली. ताप गेल्यापासून सात आठवडे तो अर्ध्या पोळीवर उठत होता, कारण घरच्या आमटीत काय नाही ते त्याला प्रत्येक घासाला कळत होतं. या पदार्थात काय असायला हवं हे त्याला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे काही कमी पडलं नाही.

जेवणाबरोबर पाच लहान वाट्या आल्या: मोड आलेलं कडधान्य, काकडी, बटाटा, पालक, आणि मासळी न घातलेली, आंबवलेल्या कोबीची किमची. ताटात टाकायचं नाही हे आम्हा दोघांनाही लहानपणापासून शिकवलेलं. आम्ही वाट्या संपवल्या. बाईने त्या पुन्हा भरल्या. आम्ही पुन्हा संपवल्या. चौथ्या वेळी ती वाटीवर हात ठेवून उभी राहिली.

"भिया, पसंद है या मजबूरी है?"

वाटी रिकामी दिसली की भरायची, ही त्या जेवणाची रीत. भरलेली वाटी संपवायची, ही आमची. पुढच्या मंगळवारपासून आम्ही प्रत्येक वाटीत एक घास शिल्लक ठेवायला लागलो.

सासूबाई मंगळवारी संध्याकाळी दारात उभ्या राहून म्हणायच्या, "निघाले डेटवर. मंगळवार पाळा म्हणजे झालं." आम्ही पाळत होतो. टोफू, वांगी, मश्रूम, समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात. जेवण झालं की रस्त्यापलीकडच्या दुकानात गोड खायला जायचो. तिथे चहात काळे टपोरे मणी घालून देत. पहिला मणी जाड नळीतून वर आला तेव्हा तो चावून म्हणाला, "अरे, हा तर आपला साबुदाणा. बाहेरगावी शिकून आलाय." मोची नावाच्या तांदळाच्या जपानी मिठाईला त्याने फ्रीजमध्ये राहून आलेली मोदकाची उकड म्हटलं. किसलेल्या दुधाच्या बर्फावर गोड लाल चवळीसारखं काहीतरी घातलेलं असायचं. ते आम्ही एकात दोघं खायचो आणि शेवटचा चमचा कोणाचा यावर दर वेळी भांडायचो. गार, गुळगुळीत, चिवट, कुरकुरीत, हे सगळं त्याला पूर्ण मिळत होतं. गाडीवर मागे बसून मी त्याची त्या दिवशीची वाक्यं मनात घोकत यायचे आणि घरी आल्यावर लिहून ठेवायचे.

ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी किमचीचा घास घेऊन तो थांबला.

"नाकात काहीतरी उभं आहे."

"काय आहे?"

"नाव सांगता येत नाही. दाराशी कोणी आलंय, पण चेहरा दिसत नाही, तसं."

पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, "लसूण." बाईने काउंटरवर सांगितलं, लसूण आहे, भरपूर आहे. त्यानंतर दोन आठवड्यांनी एका रश्शाचा पहिला चमचा घेऊन तो एका दमात म्हणाला, "लसूण, आलं, तिळाचं तेल, सोयाबीनचं आंबवण, नाशपती."

नाशपतीपाशी मी चमचा खाली ठेवला. त्याने तोपर्यंत कुठल्याही घासात दोनापेक्षा जास्त गोष्टी सांगितल्या नव्हत्या.

"तू हे कसं करतात त्याचा व्हिडिओ बघितलास."

त्याने वाडग्यात चमचा फिरवला.

"कधीपासून?"

"चार-पाच दिवस. पैकिंगला बसून दुसरं काय करणार?" तो हिंदी-मराठी एकत्र बोलायला लागला की चिडलेला असतो. "दशहऱ्याला सोळा दिवस राहिलेत. तुला पक्की खबर पाहिजे. मला नाक पाहिजे."

"दोन्ही एकच आहे."

"एकच नाही. तू मंगळवारी खबर घेऊन घरी जातेस. मी बुधवारी खोक्यांना चिकटपट्टी लावतो."

बाईने मधे तव्यावरचं वांगं आणून ठेवलं. "झगड़ा बाद में कर लेना. ये ठंडा अच्छा नहीं लगता."

आम्ही ते गरम असतानाच खाल्लं. काउंटरवर विचारलं तर रश्शात नाशपती नव्हती.

पुढच्या मंगळवारी नवरात्र बसलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "आता तरी घरी जेवा." विजय नगरच्या चौकात गरब्याला निघालेल्या गाड्यांमुळे आम्हाला पोचायला पाऊण तास लागला. खानावळीत दुसरं कोणी नव्हतं. जिन्यातच मी त्याला सांगितलं होतं की आज काही विचारणार नाही. त्याने मेन्यू स्वतः वाचला आणि स्वतः मागवलं.

दगडी वाडग्यात भात आला, वर भाज्या, मधे लाल मिरचीचा गोळा. वाडगा इतका तापलेला होता की भात आमच्यासमोर तळाला लागत होता. खालून खरवड निघाली. त्याने ती चमच्याने खरवडून दोन भाग केले आणि मोठा स्वतः घेतला. लहानपणी स्नेहलतागंजच्या घरात खरवडीसाठी तो आणि त्याचा भाऊ दिवस वाटून घ्यायचे, हे मला लग्नानंतर नऊ वर्षांनी त्या टेबलावर कळलं. आम्ही सासूबाईंच्या गुडघ्याबद्दल बोललो, गच्चीच्या गळतीबद्दल बोललो. दसऱ्याचं नाव कोणी काढलं नाही. त्या दिवशी मी घरी येऊन काही लिहिलं नाही.

दसरा गुरुवारी होता. त्याच्या आधीच्या मंगळवारी आम्ही आठ वाजता पोचलो. तो नेहमीच्या खुर्चीत बसला, स्वयंपाकघराकडे पाठ करून. अजून काही मागवलं नव्हतं. मी पाणी ओतत होते.

"तीळ जळतायत," तो म्हणाला.

मला कसलाच वास आला नव्हता.

"संक्रांतीला आईचे जळले होते ना, तसे. आधी खमंग होते, आता कडू झाले."

मी उठून पडद्यामागे गेले. बाई कढई नळाखाली धरत होती. फोन आला होता, लक्ष राहिलं नाही, सगळे तीळ फेकले, असं तिने सांगितलं. कचऱ्याच्या डब्यात ते दिसत होते, काळे. मी परत येत होते तेव्हा जळका वास माझ्यापर्यंत आला. ती माझ्या मागोमाग बाहेर आली.

"भिया, आपको यहाँ तक आ गया?"

"आया," तो म्हणाला. त्याने मेन्यू माझ्याकडे सरकवला. "आता मागव. भूक लागलीय."

त्या रात्री त्याने टोकबोकीच्या दोन प्लेट खाल्ल्या.

बुधवारी सकाळी सहा वाजता सासूबाईंनी डब्या भरल्या. चिठ्ठ्या काढून टाकल्या होत्या. कुठल्या डबीत काय आहे हे या वेळी मलाही माहीत नव्हतं. पहिली डबी त्याने लगेच खाली ठेवली, "हिंग." दुसरी, "लिंबू." तिसरी त्याने दोनदा नाकाशी नेली.

"हिच्यात काही नाही."

चौथीला वेळ लागला. "लवंग. लांबून येतेय, पण लवंगच."

सासूबाईंनी तिसरी डबी उघडून दाखवली. आत नुसता कापूस होता.

साडेआठ वाजता कारखान्यात सेठजींनी त्याच्यासमोर तेलाच्या चार वाट्या ठेवल्या. एकीत आठवडाभर वापरलेलं तेल होतं, बाकी तिघींत ताजं. रंगावरून कळू नये म्हणून वाट्यांवर फडकं टाकलं होतं. त्याने दुसरी वाटी बाजूला काढली. सेठजींनी वाट्यांची जागा बदलून पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तीच, जुन्या तेलाची, काढली. ही माहिती त्याने दिली. कढईवरच्या कारागिराला मी दुपारी फोन केला, त्यानेही तेच सांगितलं.

गुरुवारी दसऱ्यानिमित्त कारखाना बंद होता. शुक्रवारी दिवाळीच्या मालाचा पहिला घाणा सकाळी साडेनऊला पडला. मसाल्याच्या खोलीतल्या वहीत त्या घाण्यापुढे सही त्याची आहे.