दुरुस्तीसह कायम

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होतो. फोन तिच्या भायखळ्याच्या घरमालकीणबाईंचा. "मिलिंदभाऊ, ताई सकाळपासून दार उघडत नाहीयेत. तुम्ही येता का?" त्यांच्या आवाजावरूनच मला कळलं होतं. तरी टॅक्सीत मी स्वतःला सांगत राहिलो, की बेल ऐकू आली नसेल, गोळी घेऊन झोपली असेल, बाथरूममध्ये असेल... भाजी मार्केटमागच्या त्या जुन्या इमारतीचा जिना चढून वर गेलो, तर तोवर कडी तोडून दार उघडलेलं होतं आणि शेजारची चार माणसं चपला काढून बाहेर उभी होती. त्या काढून ठेवलेल्या चपला पाहिल्या आणि माझे पाय तिथेच थांबले. ताई खाटेवर कुशीवर, चादर नीट अंगावर घेऊन झोपली होती. डॉक्टर म्हणाले, पहाटे झोपेतच गेल्या. म्हणजे सात-आठ तास ती त्या खोलीत तशीच होती, आणि मी बसने वीस मिनिटांवर, परळमध्ये, अंघोळ करून, चहा पिऊन, पेपर वाचून कामावर गेलो होतो.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. त्रिशरण-पंचशील झालं, दोघं-तिघं बोलले, मग धाकटा भाऊ म्हणून मला उभं केलं. मी म्हणालो, "ताईला एकटं राहायलाच आवडायचं. आम्ही किती वेळा बोलावलं, पण ती पडली स्वाभिमानी." लोकांनी माना डोलावल्या. बायकांच्या रांगेत बसलेली माझी बायको सुजाता पदराने डोळे पुसत होती. ते वाक्य खोटं होतं. ते खोटं आहे हे माहीत असलेली दुसरी एकच व्यक्ती होती आणि तिचा फोटो हार घालून समोर ठेवला होता. दीड महिना झाला, ते वाक्य मला जेवू देत नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे. ताईच्या कामकाजात बोललेलं चुकीचं नोंदलं गेलं, तर ते दुरुस्त करायची एक रीत होती. तीच मी पाळतो आहे.

ताई कोकणातल्या खाडीकाठच्या एका छोट्या नगरपरिषदेत सभा लिपिक होती. चोविसाव्या वर्षी नोकरी लागली, तेव्हा आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मिलमधून अर्धी रजा काढून तिला एसटीत बसवून दिलं. चाळीतली पहिली सरकारी नोकरी, त्यामुळे निम्मी चाळ पोचवायला आली होती. दोन वर्षांत बदली करून मुंबईत येते म्हणाली आणि चौतीस वर्षं तिथेच राहिली. तिचं काम म्हणजे सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका काढायची, सभेत कोण काय बोललं ते टिपायचं आणि त्याचं इतिवृत्त लिहायचं. विषय तरी काय, तर गटारावरची फरशी, दिवाबत्ती, सार्वजनिक विहिरीतला गाळ, मोकाट कुत्री, एखाद्या गल्लीला कुणाचं नाव द्यावं. एका गल्लीच्या नावावरून तिथे म्हणे सलग पाच सभा भांडणं झाली आणि शेवटी ती गल्ली बिननावाचीच राहिली. सुट्टीत घरी आली की ती हे सगळं असं रंगवून सांगायची, की चाळीतल्या बायका पोळ्या लाटायच्या थांबवून ऐकत बसायच्या. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे आम्ही एकदा-दोनदा विचारलं आणि मग विचारायचं सोडून दिलं.

दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन. आधी चाळीखालच्या दुकानात यायचा, मग घरी, मग मोबाइलवर. आणि फोनची सुरुवात ठरलेली. नगरपरिषदेच्या प्रत्येक सभेत पहिला विषय असतो मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्याचा. मागे काय ठरलं ते वाचायचं, ज्याचं बोलणं चुकीचं उतरलं असेल त्याने उठून सांगायचं, दुरुस्ती करायची, मगच पुढे जायचं. ताई माझ्याशीही तेच करायची. "मागच्या रविवारी तू म्हणालास, आईला चष्म्याच्या दुकानात नेणार. बरोबर?" बरोबर, म्हटलं की पलीकडून यायचं, "कायम." मग पुढचा विषय. मित्र हसायचे. मीही हसायचो, आणि खरं सांगायचं तर वैतागायचो. आपण सहज काहीतरी बोलून जातो, माणसाला बोललेलं विसरायची मोकळीक हवी की नको? ताईकडे ती नव्हती. पण हेही खरं, की मी तिच्याशी बोललेलं सगळं जगात एका माणसाने तरी लक्ष देऊन ऐकलेलं असायचं.

तिच्याकडून एकदा मोठी चूक झाली होती. नोकरीला तीन-चार वर्षं झाली असतील. जेट्टीवर बसणाऱ्या मच्छीवाल्या बायकांना नव्या मार्केटात हलवायचा विषय होता. त्या वॉर्डाची नगरसेविका नवखी, सभेत गप्प बसून होती. सभा संपल्यावर तिचा नवरा ताईच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "आमच्या मंडळींचा पाठिंबा लिहा, तिचा माझा काय तो एकच." ताईने लिहिलं. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचताना ती नगरसेविका उठून उभी राहिली. "ह्या मी बोललंच नाय. ज्यांनी सांगितल्यानी, त्येंका विचारा." सगळं सभागृह ताईकडे बघायला लागलं. ताईने उभं राहून माफी मागितली आणि सर्वांसमोर ती ओळ लाल शाईने खोडली. त्या दिवसापासून तिचा नियम झाला, की ज्याचं म्हणणं आहे ते त्यालाच विचारायचं, विशेष करून नवऱ्याने बायकोचं म्हणणं सांगितलं तर अजिबात लिहायचं नाही. ही गोष्ट ती शंभर वेळा सांगायची. आमच्या लग्नाच्या बोलणीतही तिने सुजाताला बाजूला नेऊन विचारलं होतं, "तुला स्वतःला काय वाटतं ते सांग. घरच्यांचं नको." सुजाता त्याच दिवशी तिची झाली.

शेवटची दीड वर्षं मात्र तिच्या नोकरीतला जीव गेला. नगरपरिषदेची मुदत संपली, निवडणुका होईनात, आणि मुख्याधिकारीच प्रशासक झाले. आता ठराव मांडणारे तेच, मंजूर करणारे तेच. नगरसेवकांच्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. ताई तरी ठरलेल्या दिवशी सभागृह झाडून घ्यायची आणि साहेबांसमोर उभी राहून मागचं इतिवृत्त वाचायची. साहेब चांगले होते. एकदा म्हणाले, "मॅडम, वाचता कशाला? इथे ऐकायला आहे कोण?" ताई म्हणाली, "साहेब, तुम्ही आहात ना." हे तिने मला हसत सांगितलं. मग म्हणाली, "मिल्या, कुणी भांडतच नाही रे आता... घरी गेल्यावरसुद्धा मोठ्याने काहीतरी वाचावंसं वाटतं." तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की तिच्या घरीही ऐकायला कुणी नाही, आणि चौतीस वर्षं नव्हतं.

त्याच सुमारास आमची चाळ पाडून त्या जागी टॉवर झाला आणि आम्हाला सतराव्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर मिळालं. ताईची निवृत्ती तोंडावर आली होती. सुजाता म्हणाली, "ताईंना इकडेच बोलवा. आतली खोली त्यांना देऊ." त्या रविवारी मी फोनवर तसं सांगितलं. ताईच्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. "सुजाता म्हणाली? खरंच?" म्हणाली. मला फार बरं वाटलं, तास-दोन तास. मग मी आतल्या खोलीत जाऊन बसलो. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांत वाढलेला मी. पन्नाशी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा मला लावायला दार मिळालं होतं. तिथे मी एक टेबल टाकलं होतं, दार लावून नुसता बसायचो. ते दार जाणार. शिवाय ताई घरात म्हणजे माझं रोजचं बोलणं रोज वाचून दाखवलं जाणार. मी आठवडाभर नीट झोपलो नाही.

पुढच्या रविवारी सुजाता बाजारात गेली असताना फोन आला. "मागच्या रविवारी ठरलं," ताईने सुरुवात केली, "की निवृत्तीनंतर मी परळला तुमच्याकडे राहायचं. सुजाताने सुचवलं, तू होकार दिलास. बरोबर?" तिचा आवाज इतका खुशीत होता... मी म्हणालो, "ताई, ते जरा... सुजाताला नाही जमणार गं." मला नाही जमणार, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. पण तोंडातून बायकोचं नाव निघालं. मग, "बरं. दुरुस्ती करते," म्हणाली, आणि लगेच, "पुढचा विषय. आर्याच्या परीक्षा कधी आहेत?" आर्या आमची मुलगी. मी तारखा सांगितल्या. सुजाता बाजारातून आली तेव्हा तिला सांगितलं, "ताई नाही म्हणाली. तिला एकटीलाच राहायचंय."

नवऱ्याच्या तोंडून आलेलं बायकोचं म्हणणं जिने तीस वर्षं लिहून घेतलं नाही, तिने माझं घेतलं. सुजाताला एक फोन केला असता तर सगळं उघडं पडलं असतं. मी कितीतरी दिवस त्या फोनची धास्ती घेऊन होतो. तो आला नाही. दुसऱ्या कुणावर तिने असा विश्वास टाकला नसता. आयुष्यात एकदाच तिने आपला नियम मोडला, तो मी सांगतोय म्हणून.

मग तिने भायखळ्याला ती एक खोली घेतली. "मार्केट जवळ आहे, भाजी ताजी मिळते," म्हणाली. तीन वर्षं तिथे राहिली. मी महिन्यातून एकदा जायचो, अर्धा तास बसायचो. एकच खुर्ची होती, ती मला द्यायची आणि स्वतः खाटेवर बसायची. आमच्याकडे सणावाराला यायची, पण पाहुण्यासारखी, जेवून झालं की पर्स उचलायची. सुजाताशी ती आधी एकेरीत बोलायची, ती एकदम "अहो सुजाता, तुम्ही कशाला त्रास घेतलात" असं म्हणू लागली. सुजाताने मला दोनदा विचारलं, "ताई मला अहोजाहो का करायला लागल्या? माझं काही चुकलं का?" मी म्हणालो, "ऑफिसची सवय गं." माझ्या दोन वाक्यांनी दोन बायका तीन वर्षं एकमेकींवर मनातून रुसून राहिल्या, आणि दोघी माझ्याशी मात्र प्रेमाने वागत होत्या. रविवारचा फोन चालूच होता. ताईने तो विषय पुन्हा कधीही काढला नाही.

इथवर लिहून झालं तो रविवार होता. दहा वाजून गेले होते. सुजाता जमिनीवर बसून मेथी निवडत होती. मी म्हणालो, मला तुला काही वाचून दाखवायचंय. उभं राहूनच वाचलं. ती मेथी निवडत ऐकत होती, पण 'सुजाताला नाही जमणार' या वाक्यापाशी तिचे हात थांबले ते पुन्हा हलले नाहीत. वाचून संपल्यावर म्हणाली, "ती ओळ परत वाचा." मी वाचली. "मी बाजारात गेले होते तेव्हा?" मी हो म्हणालो. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि माझ्या टेबलाच्या खुर्चीमागचं भिंतीतलं कपाट उघडलं. खालचा कप्पा रिकामा होता. नुसता नवा कोरा पेपर अंथरलेला, आणि कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या. "त्यांचे गुडघे दुखायचे, स्टुलावर चढायला नको म्हणून खालचा त्यांच्यासाठी ठेवला होता," ती म्हणाली. "येणार नाहीत म्हणालात, तरी मी त्यात काही ठेवलं नाही. वाटायचं, कधीतरी येतील." तीन वर्षं मी त्या कप्प्याकडे पाठ करून बसत होतो.

मी विचारलं, हे छापायला देऊ का? "द्या. माझं नाव बदलू नका," म्हणाली. मग हात पुढे केला. "भायखळ्याची किल्ली द्या. सामान मी आणते. तुम्ही येऊ नका."

ती एकटी गेली. संध्याकाळी टॅक्सीतून दोन बॅगा घेऊन आली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी बाहेर बसून होतो. आतून कपाटाचा आवाज आला, मग बराच वेळ तिचा आवाज येत राहिला, हळू, कुणाशी तरी बोलत असल्यासारखा. शब्द कळले नाहीत. बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते. त्या कप्प्यात आता ताईच्या साड्या आहेत, असं आर्या सांगते. मी पाहिलेलं नाही. कपाट उघडू का, असं मी अजून सुजाताला विचारलेलं नाही.