भावाच्या तंबाखूचं बी

नऊच्या नऊ झाडांचे शेंडे माझ्या पदरात होते आणि शेजारीण वाफ्याच्या कडेला मटकन खाली बसली होती. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती एकेक शेंडा उचलून बघत होती, कुठे बियांचं बोंड धरलंय का. एकही धरलं नव्हतं. मी वेळेवर खुडले होते.

मी निपाणीकडची. चौथी झाली आणि तंबाखूच्या रानात कामाला लागले. फूल येऊ दिलं की पान पातळ पडतं, म्हणून कळी दिसली की शेंडा खुडायचा. अक्षरं विसरेन, हे विसरणार नाही. आता कॅनडात, ओटाव्यात मुलाकडे राहते. शेजारीण चार दिवस बाहेर जाताना म्हणाली होती, झाडांना पाणी घाला. घातलं. कळ्या दिसल्या. हात गप्प बसले नाहीत.

नात धावत आली. "आजी, what did you do?"

"काम केलं. तिला सांग, आता पान जाड होईल."

ते तिने सांगितलं नाही. शेजारणीचं बोलणं मात्र मला सांगितलं. ही बाई वाम्पानोआग, खाली अमेरिकेतल्या समुद्रकाठच्या मूळ रहिवाशांतली, लग्न करून इकडे आलेली. त्यांच्यात मका, घेवडा, भोपळा बायकांनी लावायचा आणि तंबाखू पुरुषांनी. तिच्या घरी भाऊ लावायचा. तो दीड वर्षापूर्वी गेला. त्याचं उरलेलं बी जुनं होतं. तिने सगळं पेरलं, त्यातली नऊ रोपं आली. यंदा तिला पान नकोच होतं, बी हवं होतं.

पान कशाला लागतं तेही नातीने सांगितलं. जमिनीतून काही घ्यायचं, वडीलधाऱ्याकडे काही मागायचं, गेलेल्या माणसाला निरोप द्यायचा, तर आधी चिमूटभर तंबाखू ठेवायचा. जमिनीवर, पाण्यात नाहीतर विस्तवात. चैनीसाठी ओढायचा नाही.

"दुकानात मिळतो की," मी म्हणाले.

"आजी, please!"

पण शेजारणीने ते सांगायला लावलं आणि ऐकून म्हणाली, "भाऊ कुठल्या दुकानात मिळतो, विचार त्यांना."

मी उठून झाडाशी गेले आणि पान जिथे खोडाला चिकटतं ती बेचकी तिला नखाने दाखवली. शेंडा गेला की इथून फुटवे येतात. आमच्याकडे दर आठवड्याला तेही काढून टाकतात, कारण त्यांनाही फूल येतं. इथे काढायचे नाहीत, एवढंच.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"तीन आठवड्यांत कळी. बोंड पिकायला आणखी महिना."

"तोवर फ्रॉस्ट पडेल."

"मग आत नेऊ."

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले. नात म्हणाली, त्यांच्यात मागायला जाताना हातात तंबाखू असावा लागतो. माझ्याकडे मशेरी होती, गावाहून आलेली, भाजून कुटलेली. तीच पुडी पुढे केली. शेजारणीने वास घेतला आणि सटासट शिंकली.

"याचं काय करता?"

"दात घासते."

"म्हणून तीनच उरलेत होय?"

आदल्या दिवसापासून ती पहिल्यांदा हसली. मग चिमूटभर मशेरी घेऊन एका झाडाच्या बुंध्याशी ठेवली आणि आपल्या भाषेत दोन शब्द बोलली. पुडी मला परत दिली. "बाकीची दातांना ठेवा."

फुटवे आले. आमच्या तंबाखूचं फूल गुलाबी, याचं पिवळट, आणि झाडही बुटकं. सप्टेंबर संपताना फुलं होती, बोंडं हिरवी होती, पण बी भरलं नव्हतं. तिच्या बेसमेंटच्या खिडकीत चार बादल्या मावत होत्या, म्हणून चार झाडं खणून बादल्यांत लावली. उरलेल्या पाचांवर चादरी टाकल्या. एका फ्रॉस्टमध्ये पाचही काळी पडली.

आतली दोन झाडं आठवड्यात माना टाकून गेली. ती मी खणली होती, मुळं तुटली. तिसऱ्याला माव्याची कीड लागली. साबणाच्या पाण्याने पुसलं तरी बोंडं गळाली. शेजारीण रोज सकाळी खाली जायची, मी दुपारी. आमचं इंग्रजी झाडापुरतं होतं, गुड नाहीतर नो गुड.

नोव्हेंबरात चौथ्याची बोंडं तपकिरी झाली. तिने कागद धरला, मी फांदी वाकवली. खसखशीहून बारीक बी पडलं, साधारण चमचाभर. ती तिथेच पायरीवर बसून रडली. मी कागद घट्ट धरून ठेवला, सांडू नये म्हणून.

नऊ झाडांतलं ते एकच जगलं.