कूलरचा शॉक

वर्तमानपत्राच्या डेस्कवर असताना 'शॉक' हा शब्द मी मथळ्यांत सर्रास वापरला. वीजदर वाढले, ग्राहकांना शॉक. उमेदवारी कापली, इच्छुकांना शॉक. दोन अक्षरांत काम होतं आणि एका कॉलमात बसतं.

घरी तोच शब्द सरळ अर्थाने चालायचा. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराच्या खिडकीत उन्हाळ्यात पत्र्याचा कूलर बसे. टाकी भरली की त्याच्या पत्र्यात करंट उतरायचा. आई त्याला 'चिमटा काढतो' म्हणायची. रबरी चप्पल घालून पाणी ओतायचं, पत्र्याला हात लावायचा नाही, एवढाच नियम. पाहुण्यांनाही तो चहासोबत सांगितला जाई. दुरुस्तीचं कुणाच्या मनात आलं नाही.

त्या दिवशी आईने नुकतीच फरशी पुसली होती आणि ती अनवाणी होती. बादली कलती करताना तोल गेला, तिने पत्रा धरला. शेजारच्या खोलीत मला बादली पडल्याचा आवाज आला. किंकाळी नव्हती. मी आलो तेव्हा ती ताठ उभी होती. तोंड उघडं होतं आणि हात पत्र्यावरून सुटत नव्हता. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. ती खाली बसली.

दवाखान्यात हाताला पट्टी बांधली, ईसीजी काढला, रात्रभर ठेवून घेतलं. थोडक्यात वाचल्या, असं डॉक्टर म्हणाले.

सकाळी ती घरी आली आणि गल्ली भेटायला आली. प्रत्येकीने आपापल्या कूलरची हकीकत सांगितली. एकीचा टाकी काठोकाठ भरली तरच मारत होता. एकीच्या सासऱ्यांना त्या झटक्याने गुडघा मोकळा झाल्यासारखा वाटत होता. समोरच्या काकू म्हणाल्या, "आमचा लई गुणाचा हाय. सुनेलाच मारतो, मला न्हाय." सगळ्या हसल्या. आईही हसली. मी एकेकीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. कुणीही घाबरलेलं नव्हतं.

नंतर वायरमन आला. घराला अर्थिंगच नाही, म्हणाला. प्लगची तिसरी पिन भिंतीत कशालाच जोडलेली नव्हती. खड्डा खणून अर्थिंग करेपर्यंत कूलर लावू नका, असं बजावून तो गेला.

दुपारी भिंती तापल्या. आई उठून कूलरच्या बटणाकडे गेली. मी नको म्हणालो.

"मग काय उकाड्यानं मरू?"

मी पक्कड आणली आणि कूलरची वायर तोडली. ती बघत राहिली. मग उशी काखेत घेतली आणि समोरच्या खिडकीकडे हाक दिली, "काकू, दार उघडा की. तुमच्याकडं पडायला येते."

मी दारात आडवा उभा राहिलो. तिने मला बाजूला सारलं, पट्टी बांधलेल्या हातानेच.