वाढत्या अंगाचे सुधीरदादा

सुधीरदादांनी कुठलीही वस्तू कधी मापाची घेतली नाही. सगळं वाढत्या अंगाचं. पुण्यात मुलांचे गणवेश चार बोटं मोठे शिवणाऱ्या घरात वाढलेला माणूस, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. पण पन्नाशी उलटल्यावर इथे आयर्लंडमध्ये, नावन गावातल्या शोरूममध्ये उभं राहून, "दोघांना सात सीटची गाडी कशाला हो?" या प्रश्नाला "उद्या लागली तर?" असं उत्तर देणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. घरात माणसं दोन आणि कुकर आठ लिटरचा. बागेतली शेड एवढी मोठी, की मीनावहिनी पाहुण्यांना सांगायच्या, "भांडण झालं की हा तिकडे राहायला जातो."

"उद्या लागलं तर?" हे त्यांचं पालुपद होतं. उद्यावर या माणसाचा फार विश्वास. गेल्या फेब्रुवारीत ते गेले, आणि मला अजून त्यांचा राग येतो. आठवण येते तेव्हा तर जास्तच.

आम्ही एकाच वसाहतीत राहायचो. मी इथे फिजिओथेरपिस्ट, ते डब्लिनच्या कडेला सिटीवेस्टमधल्या एका कंपनीत संगणकाशी झगडणारे. रविवारी मात्र रायफल घेऊन क्लबच्या मैदानावर. मराठी मंडळींना हे काही केल्या पचत नसे. कुणीतरी दर गणपतीत विचारायचंच, "तुम्ही तर शाकाहारी, मग बंदूक कशाला?" त्यावर दादा गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "मी फक्त कागदाला मारतो. आणि कागद झाडाचाच असतो."

त्यांना स्वतःसाठी एक रायफल घडवून घ्यायची होती. डेक्लन नावाच्या गनस्मिथकडे त्यांनी नंबर लावला होता, आणि डेक्लनकडचा नंबर म्हणजे वर्षभराची प्रतीक्षा. तोवर आम्हाला त्या रायफलची कथा ऐकावी लागे. एका दिवाळीला फराळाचं ताट बाजूला सारून त्यांनी मला अ‍ॅक्शन म्हणजे काय ते समजावलं. "रायफलचं पोट म्हण. बोल्ट मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलला की नवं आत. काडतूस लांब असेल तर पोटही लांब हवं. शॉर्ट अ‍ॅक्शन आणि लाँग अ‍ॅक्शन."

"तुमचं काडतूस कसं आहे?"

"आखूड."

"मग शॉर्ट घ्या. संपलं."

"अगं, पण उद्या मोठं वापरावंसं वाटलं तर? नळी बदलता येते अश्विनी, पोट नाही बदलता येत. डेक्लनही तुझ्यासारखाच बोलतो. शॉर्ट हलकी, हात कमी मागे न्यावा लागतो. अर्ध्या इंचासाठी एवढा कंजूषपणा!"

मी हसले. मग त्यांनी चिवड्याची बरणी उघडायला घेतली आणि ती उघडेना. "बघ गं, मीनाने काय आवळलीय," म्हणत त्यांनी ती माझ्याकडे दिली. झाकण मुळीच घट्ट नव्हतं. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीमधला मांसल भाग खोलगट झाला होता. माझं रोजचं काम हेच असल्यामुळे ते दिसू नये असं कितीही वाटलं, तरी दिसलं.

मीच त्यांना डॉक्टरकडे पिटाळलं. डब्लिनला तपासण्या झाल्या आणि आजाराचं नाव कळलं, मोटर न्यूरॉन. स्नायूंना निरोप पोचवणाऱ्या नसा हळूहळू मरत जातात आणि त्यांचं मरणं थांबवणारं औषध नाही. हे त्यांनी मला त्या अवाढव्य शेडमध्ये उभं राहून सांगितलं, आणि पुढे म्हणाले, "मीनाला यातलं काही बोलायचं नाही."

"तुम्ही सांगा मग."

"सांगतो की. एवढी घाई काय आहे?"

वहिनींना त्यांनी फ्रोझन शोल्डर म्हणून सांगितलं होतं. त्या बिचाऱ्या रोज संध्याकाळी तिळाचं तेल कोमट करून खांद्याला चोळायच्या, आणि हा गृहस्थ डोळे मिटून चोळून घ्यायचा. मला ते बघवेना. मी भांडले, अबोला धरला, शेवटी धमकी दिली की मीच सांगेन. "तुझा अधिकार आहे," एवढंच म्हणाले. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं!

वसंतात डेक्लनचा निरोप आला, सुटे भाग मागवायचे आहेत, अ‍ॅक्शनचं काय ते ठरव. शेजारी कुणी असेल तर अजून काही महिने नेमबाजी करायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. गाडी चालवणं मात्र दादांनी खांद्याच्या नावाखाली सोडलं होतं, म्हणून मी चालवायला. "एवढं वर्षभर जिचं कौतुक ऐकलं, ती सवत बघते तरी," म्हणत वहिनीही मागे बसल्या.

डेक्लनचं वर्कशॉप म्हणजे घरामागची पत्र्याची खोली. त्याने बाकावर दोन रायफली ठेवल्या, एक शॉर्ट, एक लाँग. दोन्हींत सरावाची नकली काडतुसं. दादांनी अर्थातच आधी लाँग उचलली. बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला. दुसऱ्यांदा ओढला तेव्हा हात शेवटपर्यंत गेलाच नाही. बोल्ट पुढे गेला, पण नवं काडतूस न घेताच. त्यांनी पुन्हा ओढला. पुन्हा आतलं काडतूस जिथल्या तिथे.

"टेक युवर टाइम, सुधीर. यू आर ग्रँड," डेक्लन म्हणाला. 'ग्रँड' म्हणजे इकडच्या बोलीत 'ठीक चाललंय'. आणि तो उगाचच एक फडकं झटकायला लागला.

मग दादांनी शॉर्ट घेतली. तिचा बोल्ट पुरता मागे आला. त्यांनी ती खाली ठेवली, थोडा वेळ हात तसाच तिच्यावर राहू दिला, आणि म्हणाले, "शॉर्ट."

वहिनी स्टुलावरून उठल्या. बंदुकीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण वर्षभर लाँगचं पुराण त्यांनी माझ्याहून जास्त ऐकलं होतं, आणि हा माणूस त्यांना पंचवीस वर्षं पाठ होता.

"तू?" त्या म्हणाल्या. "लहान घेतोयस?"

दादांनी शॉर्टवरचा हात काढून घेतला. वहिनींनी त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गाईकडे बघत राहिले.

पुढे रायफल आली. उन्हाळाभर ती वाजली. वहिनी शेजारच्या चटईवर पालथ्या पडून दुर्बिणीतून "डावीकडे गेली रे!" असं ओरडायच्या आणि दादा वैतागायचे. पानगळीला त्यांनी ती आपणहून डेक्लनला परत नेऊन दिली, "कुणा वापरणाऱ्याला दे" म्हणून. पण ते सगळं नंतरचं. माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही तो त्या दिवशीचा परतीचा रस्ता.

गाडी गावाबाहेर पडली. मग मागून वहिनी म्हणाल्या, "अश्विनी, बाजूला घे जरा." मी एका शेताच्या फाटकाशी गाडी थांबवली. वहिनी उतरल्या, दादांच्या बाजूचं दार उघडलं आणि त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन नीट पाहिला.

"खांदा नाहीये ना हा?"

"नाही."

"बरं होणारं आहे?"

"नाही, मीना."

"आणि मी तेल चोळत होते."

"मला बरं वाटायचं," दादा म्हणाले. "खरंच बरं वाटायचं."

"हे सांगायला तुला बंदुकीचं दुकान लागलं?"

"तिथे तू रडणार नाहीस असं वाटलं."

"रडले का तिथे?"

"नाही."

"मग आता रडते. थांब जरा."

आणि त्या रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या वाकून, त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून, हमसून हमसून रडल्या. समोरून एक ट्रॅक्टर आला. इकडच्या रीतीप्रमाणे त्या शेतकऱ्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचलून आम्हाला सलाम केला. सुधीरदादांचा डावा हात वहिनींच्या केसांवर होता. सलामाला उत्तर म्हणून त्यांनी सवयीने उजवा उचलायला घेतला, तो जेमतेम मांडीवरून सुटला आणि खाली पडला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अश्विनी," ते हळूच म्हणाले, "माझ्या वतीने तू कर गं."

मी हात वर केला.